पीडी-एल१ तपासणी: एकाच गाठीचे दोन रिपोर्ट, कोणता धरायचा?

सई_गोदाकाठ
नमस्कार मंडळी. निर्णय लवकर घ्यायचा आहे, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ४८. अडीच वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर हे हॉर्मोनचे ग्राही आणि हर२ हे प्रथिन, तिन्ही नसलेला. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं रीतसर झालं. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) तेव्हा दिली नव्हती. आता खोकला हटेना म्हणून पेट स्कॅन केला, तर फुप्फुसात आणि यकृतात गाठी निघाल्या. गळ्याच्या हाडाच्या वर एक छोटी लिम्फ नोडही दिसते आहे. केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन देता येईल का हे ठरवायला डॉक्टरांनी पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी सांगितली.

जुन्या ऑपरेशनचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) एका लॅबला दिला. रिपोर्ट आला, 'पीडी-एल१ पॉझिटिव्ह, आयसी २ टक्के, क्लोन एसपी१४२' (आयसी म्हणजे प्रतिकारपेशी, क्लोन म्हणजे तपासणीला वापरलेली अँटिबॉडी). घरात सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, या औषधासाठी हा रिपोर्ट चालत नाही, २२सी३ या दुसऱ्या अँटिबॉडीवर करून सीपीएस हा आकडा आणा. तोच ब्लॉक दुसऱ्या लॅबला गेला. तिथून आलं, 'सीपीएस ६, निगेटिव्ह'.

आता दीर म्हणतात तिसरीकडे करू. जाऊबाई म्हणतात, मला पुन्हा सुई टोचून घ्यायची नाही. डॉक्टरांनी नवीन बायॉप्सीचा विचार करा एवढंच सांगितलं, ओपीडीत त्यांना जास्त बोलायला वेळ मिळत नाही. एकाच गाठीचे असे दोन निकाल कसे? नवीन बायॉप्सीने काही बदलेल का? कोणाच्या घरी हे झालं असेल तर कृपया लिहा.

अबोली
सई, तुझ्या जाऊबाईंना खूप शुभेच्छा. ब्लॉक अजून दुसऱ्या लॅबकडेच असेल तर आधी तो ताब्यात घे आणि लॅबकडून परतीची पोच घे. बाकी जाणकार सांगतीलच.

कृष्णाकाठ
आमच्या आईचं गेल्या वर्षी झालं. तीही ट्रिपल निगेटिव्ह, पण दुसरी स्टेज. तिला ऑपरेशनआधीच केमो आणि पेम्ब्रो दिलं, आणि पीडी-एल१ केलंच नाही. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले गरज नाही. मग तुमच्याकडेच ही तपासणी का? की आमच्याकडे करायची राहिली?

मनमौजी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नवीन तपासण्या निघतात त्या लॅब चालवायला. एक म्हणतो पॉझिटिव्ह, दुसरा म्हणतो निगेटिव्ह, तिसरा म्हणेल पैसे भरा मग बघू. एकाच मांसाच्या तुकड्यावर दोन उत्तरं येत असतील तर त्या तपासणीवर औषध का अडवायचं?

सूक्ष्मदर्शी
मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, स्तनाच्या गाठी रोज बघते. सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारतंच.

आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ मध्ये शोधला. २०१८ चं नोबेल त्यांना आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम करणाऱ्या जेम्स अॅलिसन यांना मिळून दिलं गेलं. पीडी-एल१ हे प्रथिन त्या ब्रेकवर दाब देतं. कॅन्सरच्या पेशी ते अंगावर वागवतात, आणि गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, मॅक्रोफेज यांच्यावरही ते असतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर बहुतेक वेळा प्रतिकारपेशींवरच जास्त दिसतं. पेम्ब्रोलिझुमॅब पीडी-१ ला धरतं, अॅटेझोलिझुमॅब पीडी-एल१ ला. दोन्हींचा हेतू एकच, ब्रेक सुटावा.

आता दोन रिपोर्टचं. एसपी१४२ आणि २२सी३ या दोन वेगळ्या अँटिबॉडी आहेत, आणि त्यांचं मोजमापही वेगळं आहे. एसपी१४२ मध्ये गाठीचं किती टक्के क्षेत्र रंगलेल्या प्रतिकारपेशींनी व्यापलं आहे ते बघतात आणि १ टक्क्याला पॉझिटिव्ह म्हणतात. सीपीएसमध्ये रंगलेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज अशा सगळ्यांची बेरीज करायची, तिला जिवंत कॅन्सरपेशींच्या संख्येने भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा २०० कॅन्सरपेशी आहेत, त्यातल्या ६ रंगल्या आणि भोवतालच्या २० प्रतिकारपेशी रंगल्या, तर २६ भागिले २०० गुणिले १००, म्हणजे सीपीएस १३. एकाच शेतात एकाने व्यापलेले गुंठे मोजले आणि दुसऱ्याने रोपं मोजली, असा हा प्रकार. २ टक्के आणि ६ हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. कुठल्याही लॅबने चूक केली असंच काही नाही.

सूक्ष्मदर्शी
मनमौजी, तुमच्या प्रश्नावर. तपासणी औषध अडवायला नाही, औषध कोणाला उपयोगी पडतं हे पाहूनच तिची रेघ ठरली. कीनोट-३५५ या चाचणीत पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सरच्या ८४७ स्त्रिया होत्या. सीपीएस १० किंवा जास्त असणाऱ्यांमध्ये केमोबरोबर पेम्ब्रो मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्म्या जणी ज्याच्या पुढे जगल्या तो काळ) २३ महिने आलं, नुसत्या केमोवर १६.१. सीपीएस १ च्या वर असणाऱ्या सगळ्या धरल्या तर १७.६ आणि १६, म्हणजे फरक जवळपास पुसला गेला. १० च्या वर साधारण ३८ टक्के स्त्रिया होत्या. उरलेल्यांना हे औषध दिलं तर खर्च आणि त्रास नक्की, फायदा संशयास्पद.

कृष्णाकाठ, तुमच्या आईंच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजसाठी कीनोट-५२२ ही वेगळी चाचणी आहे. त्यात ऑपरेशनच्या वेळी गाठ पूर्ण नाहीशी झालेल्यांचं प्रमाण पेम्ब्रोने ५१.२ वरून ६४.८ टक्क्यांवर गेलं, आणि पीडी-एल१ पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, वाढ दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. म्हणून तिथे या तपासणीवर निर्णय अवलंबून नाही. आजार पसरल्यावर मात्र आहे.

कृष्णाकाठ
खूप आभार डॉक्टर. डोक्यावरचं ओझं उतरलं. आईला आत्ताच फोन करून सांगतो.

न्यूजर्सीचा_नाना
एसपी१४२ ची गोष्ट मी जवळून पाहिली आहे. माझ्या धाकट्या बहिणीवर इथे अमेरिकेत २०१९ मध्ये उपचार सुरू झाले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियामकाने, अॅटेझोलिझुमॅब आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध या जोडीला मान्यता दिली होती, एसपी१४२ पॉझिटिव्ह असेल तरच. स्तनाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळालेली ती पहिली इम्युनोथेरपी. आधार होता इम्पॅशन१३० चाचणीचा, त्यात पीडी-एल१ पॉझिटिव्ह स्त्रियांमध्ये १८ महिन्यांच्या जागी २५ महिने आयुष्य असा फरक दिसला होता. पुढे साध्या पॅक्लिटॅक्सेलबरोबर इम्पॅशन१३१ केली, तिच्यात फायदा दिसलाच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने अमेरिकेतली ती मान्यता स्वतःहून मागे घेतली. युरोपात ती राहिली.

सईताई, तुमच्या पहिल्या लॅबकडे एसपी१४२ असण्याचं कारण कदाचित हेच. तेव्हा अनेकांनी ती सोय करून घेतली आणि मशीनही त्याच कंपनीचं. डॉक्टरांनी विशेष सांगितलं नाही तर लॅब आपल्याकडे आहे तेच लावते. माझ्या बहिणीला त्या औषधाचा चांगला गुण आला, ती आज बरी आहे, म्हणून मला त्या तपासणीबद्दल वाईट बोलवत नाही. पण तुम्हाला पेम्ब्रो हवं असेल तर २२सी३ चाच रिपोर्ट धरा.

मनमौजी
डॉक्टरबाई, आकडे दिलेत त्याबद्दल मान. पण माझा मुद्दा शिल्लक आहे. सीपीएस ९ आला तर नाही आणि १० आला तर हो? तुमच्या जागी दुसरा पॅथॉलॉजिस्ट बसला तर तो ११ म्हणू शकेल ना?

सूक्ष्मदर्शी
म्हणू शकेल. ८ ते १२ च्या आसपास दोन अनुभवी लोकांतही एकमत होत नाही, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मॅक्रोफेज मोजायचे, पण न्यूट्रोफिल आणि प्लाझ्मा पेशी मोजायच्या नाहीत. मेलेला भाग सोडायचा. दुधाच्या नळीतच अडकलेला कॅन्सर, ज्याला डीसीआयएस म्हणतात, तोही सोडायचा. हे सगळं डोळ्यांनी, सूक्ष्मदर्शकाखाली, शेकडो पेशींमध्ये. म्हणून सीमेवरचा आकडा असेल तर मी स्वतः सहकाऱ्याला दाखवते आणि रिपोर्टात तसं लिहिते.

इम्पॅशन१३० मधल्याच नमुन्यांवर नंतर तिन्ही अँटिबॉडी लावून बघितल्या. एसपी१४२ ने सुमारे ४६ टक्के पॉझिटिव्ह, एसपी२६३ या तिसऱ्या अँटिबॉडीने ७५, आणि २२सी३ वर सीपीएस १ ची रेघ धरली तर ८१. त्याच गाठी, त्याच स्त्रिया. यातून तपासणी निरुपयोगी आहे असं निघत नाही. 'पीडी-एल१ पॉझिटिव्ह' एवढंच वाक्य अपुरं आहे, असं निघतं. रिपोर्टवर क्लोन, मोजण्याची पद्धत, रेघ कुठे धरली आणि नमुना कुठला, या चारही गोष्टी लिहिलेल्या नसतील तर तो रिपोर्ट परत पाठवून लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

विदर्भी_संत्रा
ब्लॉकवरून आठवलं. काकूंचा ब्लॉक मे महिन्यात मुंबईला न्यायचा होता. कोणीतरी सांगितलं, मेणाचा असतो, वितळेल. काकांनी स्टीलच्या डब्यात बर्फाची पिशवी घालून त्यात तो ठेवला. रेल्वेत समोरच्या आजोबांनी डबा बघून विचारलं, "काय आणलंय, आम्हालाही दाखवा की." काकांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "बायकोचा जीव आहे यात." आजोबांनी बडनेरा येईपर्यंत स्वतःच्या पिशव्या मांडीवर घेऊन डब्याला जागा करून दिली.

सूक्ष्मदर्शी
संत्रा, काकांना नमस्कार सांगा. बर्फाची गरज नव्हती, पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. पण उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नका, तिथे तो मऊ पडतो. आणि काचेवर कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड महिनोन्‌महिने पडून राहिल्या तर पीडी-एल१ चा रंग फिका येतो. शक्य असेल तेव्हा ब्लॉकच द्या, लॅब ताजे छेद घेईल.

सातारी_कंदी
एक विचारू का? आमच्याकडे सगळे सांगतात गुळवेलीचा काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढते. इम्युनोथेरपी पण तेच करते ना? मग दोन्ही एकत्र चांगलं नाही का? वहिनींना सुरू करावं म्हणते.

आरती_डेकेअर
कंदीताई, कृपया थांबा, सुरू करू नका. मी केमो डेकेअरमध्ये सिस्टर आहे. ही औषधं ब्रेक सोडतात, त्यामुळे प्रतिकारपेशी कधी कधी आपल्याच यकृतावर, आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर उलटतात. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवून प्रसिद्ध केले होते. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. पण पेम्ब्रो चालू असताना यकृताचे आकडे वाढले तर ते औषधाने की काढ्याने, हे कळायला मार्ग राहत नाही, आणि तोवर इंजेक्शन थांबतं. वहिनी जे काही घेत असतील, अगदी घरचा काढासुद्धा, ते डॉक्टरांना सांगा. लपवू नका. बायका ओरडा बसेल म्हणून लपवतात, मी रोज बघते.

सातारी_कंदी
बरं झालं विचारलं. सांगते त्यांना. धन्यवाद आरतीताई.

पहाटवारा
मी स्वतः पेम्ब्रोवर आहे, म्हणून लिहिते. वय ४१, ट्रिपल निगेटिव्ह, पसरलेला, सीपीएस २०. केमो संपली, आता नुसतं इंजेक्शन चालू आहे. स्कॅन चांगले येत आहेत.

पॉझिटिव्ह आलं म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण पॉझिटिव्ह म्हणजे गुण येणारच असं नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याबरोबर सुरू झालेली मैत्रीण, तिचा सीपीएस माझ्यापेक्षा जास्त होता. तिला उपयोग झाला नाही.

मला मध्ये इतका थकवा आला की उशीवरून मान उचलवेना. सगळ्यांना वाटलं केमोचा आहे. तपासलं तर कॉर्टिसोल हे हॉर्मोन तळाला गेलेलं. आता हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या कायमच्या. सईताई, औषध सुरू करायच्या आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सकाळचं कॉर्टिसोल, साखर आणि लिव्हर फंक्शन करून घ्या. नंतर काही बिनसलं तर तुलनेला काहीतरी हवं.

आरती_डेकेअर
पहाटवारा +१००. थायरॉइड मंदावणं तर खूप जणींना होतं, कीनोट-५२२ मध्ये १५ टक्के. ते गोळीने सांभाळता येतं. नवा खोकला, दम लागणं, दिवसातून अनेकदा जुलाब, अशा वेळी मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. आणि गावच्या डॉक्टरांना सांगायचं की हे इंजेक्शन चालू आहे, कारण ते जुलाबाला नेहमीचं औषध देतात आणि इथे लागतं स्टेरॉइड.

मनमौजी
अवांतर, पण पैशांचं कोणी बोलतच नाही. डोस दर तीन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी लाखांत. तपासणी पॉझिटिव्ह आली आणि औषध परवडलं नाही तर त्या घराने काय करायचं? निगेटिव्ह आलेलं बरं म्हणायचं का?

अबोली
मनमौजी, हे वाक्य वाचून गलबलून आलं. आमच्या शेजारच्या ताईंच्या घरात अगदी हेच शब्द ऐकले आहेत.

न्यूजर्सीचा_नाना
भारतात मार्च २०२३ मध्ये सरकारने पेम्ब्रोलिझुमॅबवरची मूळ सीमाशुल्काची रक्कम पूर्ण माफ केली, हे वाचलं होतं. तरी किंमत मोठीच आहे.

आरती_डेकेअर
व्यवहाराचं सांगते. पहिलं, खासगी विमा असेल तर पॉलिसी उघडून 'आधुनिक उपचार' हे कलम वाचा. विमा नियामकाने २०१९ मध्ये काढलेल्या सूचनांत इंजेक्शनने देण्याच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचं नाव स्पष्ट आहे, त्यामुळे कंपनीला सरसकट नाही म्हणता येत नाही. मर्यादा मात्र घालता येते, ती किती आहे ते बघा. दुसरं, कंपनीची रुग्णसाहाय्य योजना चालू आहे का ते रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा. तिसरं, मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्टचे अर्ज एकाच वेळी करा, एकाची वाट बघत दुसरा अडवू नका.

विदर्भी_संत्रा
टाटामध्ये कमी डोसवर देतात असं ऐकलं होतं. तो मार्ग नाही का?

सूक्ष्मदर्शी
तो अभ्यास तोंड-घशाच्या कॅन्सरवरचा. टाटा मेमोरियलने १५१ रुग्णांत निव्होलुमॅब हे पीडी-१ वरचंच दुसरं औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, इतर गोळ्यांबरोबर दिलं. वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या देशासाठी ते फार मोलाचं काम आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण तिथलं औषध वेगळं आणि आजारही वेगळा, ते आकडे उचलून स्तनाच्या कॅन्सरला लावता येत नाहीत. कमी डोसाची चाचणी चालू असेल तर तिच्यात नाव घालायचं का, हे आपल्या ऑन्कोलॉजिस्टना विचारावं. स्वतःच्या मनाने डोस निम्मा करून घेऊ नये.

सई_गोदाकाठ
इतकं सगळं लिहिलंत, काय बोलू. घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. जाऊबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सुई कुठे टोचणार ते आधी विचार." यकृतात टोचायची त्यांना भीती वाटते. आणि जुन्या ब्लॉकवर सीपीएस ६ आला असताना नव्या तुकड्यावर वेगळा येऊ शकतो का, हे अजून मला नीट कळलेलं नाही.

सूक्ष्मदर्शी
येऊ शकतो, वर किंवा खाली. अडीच वर्षांत गाठही बदलते आणि मधल्या केमोनेही बदलते. शिवाय जागेप्रमाणे फरक पडतो. यकृतातल्या गाठींत पीडी-एल१ सहसा कमी दिसतं. लिम्फ नोडमध्ये जास्त दिसू शकतं, पण तिथे मूळच्या लिम्फोसाइट गर्दीने असतात, त्यामुळे फक्त कॅन्सरला लागून असलेल्याच मोजायची काळजी घ्यावी लागते. हाडातला तुकडा तीव्र आम्लात मऊ केला असेल तर रंगच नीट येत नाही.

तुमच्या जाऊबाईंच्या बाबतीत गळ्याच्या हाडावरची ती नोड सोनोग्राफीखाली, जागा बधिर करून घेण्यासारखी असेल तर यकृतापर्यंत जायची गरज पडणार नाही. ते रेडिओलॉजिस्ट बघून ठरवतील. आग्रह एवढाच धरा की बारीक सुईची एफएनएसी नको, जाड सुईची कोअर बायॉप्सी हवी. सीपीएससाठी निदान १०० जिवंत कॅन्सरपेशी लागतात आणि त्या ऊतकाच्या रचनेत दिसाव्या लागतात. तुकडा काढल्याबरोबर १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये पडला पाहिजे. सलाइनमध्ये ठेवून संध्याकाळपर्यंत टेबलावर राहिला तर त्यावर कितीही महागडी अँटिबॉडी लावा, उपयोग नाही. काही ठिकाणी हे अजूनही घडतं आणि नंतर दोष आमच्या मशीनवर येतो, म्हणून कळकळीने सांगते.

नवा तुकडा हवा याचं दुसरं कारण मला पीडी-एल१ पेक्षाही मोठं वाटतं. ईआर, पीआर आणि हर२ पुन्हा बघता येतात. परत आलेला आजार कधी कधी आता ट्रिपल निगेटिव्ह राहिलेला नसतो. हर२ शून्य होता तो १+ (म्हणजे थोडासा) झाला तरी ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकानसारख्या औषधाचा विचार पुढे करता येतो.

मनमौजी
आणि तरीही १० च्या खाली आला तर? सरळ विचारतो, कारण सईताईंच्या मनात तेच असणार.

पहाटवारा
मनमौजी, विचारलंत ते बरं केलंत. माझ्या ग्रुपमधल्या एका ताईंचा सीपीएस ० आला. त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखं होतं म्हणे. पुढे रक्तातली बीआरसीए तपासणी (आनुवंशिक जनुकदोषाची) पॉझिटिव्ह आली आणि त्या ओलापॅरिबच्या गोळ्यांवर आहेत. गेल्या दिवाळीत स्वतः अनारसे केले त्यांनी. निगेटिव्ह म्हणजे या एका औषधाचा दरवाजा बंद, बाकीचे नाहीत.

सूक्ष्मदर्शी
पहाटवारा यांनी माझं काम केलं. सईताई, बीआरसीए केली आहे का? ट्रिपल निगेटिव्ह आणि वय ४८, म्हणजे एव्हाना व्हायला हवी होती. ती जाऊबाईंच्या मुलांसाठी आणि बहिणींसाठीही महत्त्वाची आहे. सीपीएस कमी आला तर केमो आहेच. केमोनंतर सॅसिटुझुमॅब गोविटेकान हे औषध आहे, असेंट चाचणीत त्याने केमोच्या ६.७ महिन्यांच्या जागी १२.१ महिने आयुष्य दिलं, आणि तेही आधी बरीच केमो झालेल्या स्त्रियांत. २०२५ मध्ये सीपीएस १० च्या वरच्या रुग्णांत पहिल्याच उपचाराला हे औषध आणि पेम्ब्रो एकत्र देऊन बघितलं, तर आजार आटोक्यात राहण्याचा काळ केमो-पेम्ब्रोच्या ७.८ महिन्यांवरून ११.२ वर गेला. हेही महाग आहे, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, मनमौजी. पण नाव माहीत असलं पाहिजे, म्हणजे डॉक्टरांना विचारता येतं.

हिरवी_चूल
उशिरा आले धाग्यावर. माझ्या सासूबाईंचा कॅन्सर हॉर्मोन पॉझिटिव्ह आहे, हाडात पसरलेला. एका लॅबच्या पॅकेजमध्ये पीडी-एल१ पण होतं, ते २ आलं. काळजी करायची का?

सूक्ष्मदर्शी
नाही. हॉर्मोन पॉझिटिव्ह पसरलेल्या आजारात या आकड्यावर आज कुठलाही उपचार ठरत नाही. पॅकेजमधून ती काढून टाका. त्याऐवजी पीआयके३सीए आणि ईएसआर१ या जनुकांच्या तपासणीबद्दल ऑन्कोलॉजिस्टना विचारा.

मनमौजी
बघा, हेच तर मी पहिल्यापासून म्हणत होतो. पॅकेज!

सूक्ष्मदर्शी
या बाबतीत पूर्ण तुमच्या बाजूने.

सई_गोदाकाठ
बीआरसीए केली नव्हती. आज डॉक्टरांना विचारलं, रक्त दिलं. नोडची कोअर बायॉप्सी गुरुवारी ठरली आहे. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी स्वतः तपासून सांगितलं की नोड हाताला लागते, यकृताला हात लावायची गरज नाही. हे ऐकून जाऊबाई तयार झाल्या. फॉर्मेलिनची बाटली आधीच खोलीत ठेवतील का, हेही विचारून आले, सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, ठेवतो. फॉर्मवर '२२सी३, सीपीएस' असं डॉक्टरांच्या हाताने लिहून घेतलं, सोबत ईआर, पीआर, हर२ पण.

एक राहिलं. विमा कंपनीला आत्तापासून काही कळवायचं का, की रिपोर्ट आल्यावर?

आरती_डेकेअर
आत्ताच. पूर्वमंजुरीच्या पत्रात डॉक्टरांनी निदान, स्टेज आणि 'पीडी-एल१ रिपोर्ट प्रतीक्षेत' एवढं लिहून द्यावं, रिपोर्ट आला की मागाहून जोडायचा. नाहीतर रिपोर्ट हातात आल्यावर दोन आठवडे कागदांत जातात आणि केमो अडून बसते. जुन्या ऑपरेशनचा डिस्चार्ज आणि दोन्ही पीडी-एल१ रिपोर्ट जोडा, आधीचा निगेटिव्हही. तो दडवला आणि नंतर सापडला तर ते त्यावर बोट ठेवतात. पत्राचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, बघा.